डाव्या कानाचा आलेख

हे मी कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही, कॉलेजच्या खोलीपासून जिच्याजवळ सगळं ओकत आले त्या मैत्रिणीजवळसुद्धा नाही. एकदोनदा अगदी तोंडापर्यंत आलं होतं — मग मी चहा ठेवायला उठले. मला उठायला फार छान जमतं. आज उठायचं नाही असं ठरवून बसले आहे. तुम्हाला मात्र जरा धीर धरावा लागेल, कारण मी थेट मुद्द्यावर येणार नाही, आधी आजूबाजूचं सांगत बसेन. स्वभाव ठाऊक आहे मला माझा.

मी कान तपासते. कानाची डॉक्टर नाही मी, ते वेगळे. माणसाला किती ऐकू येतं ते मशीनवर मोजायचं आणि कागदावर त्याचा आलेख काढायचा, हे माझं काम. लातूरला माझं लहानसं सेंटर आहे, तिथे श्रवणयंत्रंही बसवून देते. म्हाताऱ्यांवर मी ओरडत नाही, त्यांनी तीच गोष्ट चौथ्यांदा विचारली तरी चौथ्यांदा सांगते. लोक म्हणतात, मॅडम लई चांगल्या हायेत. हे ऐकलं की मी कपाटातलं काहीतरी शोधायला लागते.

तर — नांदेड. नऊ वर्षं झाली. मी सव्वीस वर्षांची होते आणि तिथल्या एका आयुर्वेदाच्या दवाखान्यात कामाला लागले होते. आयुर्वेदाच्या दवाखान्यात कान मोजायचं मशीन कशाला, असं तुम्हाला वाटेल. ते वैद्य सरांच्या हट्टापायी आलं होतं, आणि मशीनबरोबर मी.

सरांनी साठी ओलांडली होती. त्यांचे विद्यार्थी पदवी आयुर्वेदाची घ्यायचे आणि गावोगाव सलाईनच्या बाटल्या लावत बसायचे, हे त्यांना फार लागायचं. शहरातले मोठे डॉक्टर त्यांना समोर सर म्हणायचे आणि पाठ फिरली की झाडपाला म्हणायचे. सरांना दोन्ही माहीत होतं. मला ते बेटा म्हणत. त्यांच्या घरून येणाऱ्या डब्यात माझ्यासाठी एक भाकरी जास्तीची असे, आणि ठेचा मला झेपत नाही हे कळल्यावर काकूंनी दह्याची वेगळी वाटी पाठवायला सुरुवात केली होती. हे मी का सांगते आहे? सर चांगले होते म्हणून मी तसं वागले, असं तुम्हाला वाटावं म्हणून? असेलही. माझ्यावर लक्ष ठेवा.

अचानक कान जाणं असा एक आजार आहे. आदल्या दिवशी धडधाकट असलेला माणूस सकाळी उठतो आणि एक कान बंद. दुखत नाही, वाहत नाही. लोकांना वाटतं मळ असेल, पाणी गेलं असेल. मग घरात कोमट तेल घालून बघतात, लसूण कढवतात, आणि त्यात दिवस जातात. इथे दिवसांनाच किंमत असते. कानाचे डॉक्टर स्टिरॉइडच्या गोळ्या देतात, त्यानं भागलं नाही तर पडद्यातून आत इंजेक्शन. काहींचा कान परत येतो, काहींचा अर्धा येतो, काहींचा येत नाही. पण जे काही व्हायचं ते पहिल्या दोनतीन आठवड्यांत, पुढे फारसं हाती लागत नाही. सरांचं म्हणणं असं, की कान आमच्या काढ्यानंही येतो, मी तीस वर्षं बघत आलोय. त्यावर शहरातल्या एका कानाच्या डॉक्टरांनी त्यांना विचारलं होतं, बघितलंत, पण मोजलंत का?

ते सरांच्या जिव्हारी लागलं. मोजून दाखवतो म्हणाले. डॉक्टरही सरळ माणूस होता, त्यानं हसण्यावारी नेलं नाही. दोघांचं ठरलं. डॉक्टरांच्या पेशंटना गोळ्या. जे गोळ्या नकोच म्हणून आपण होऊन आमच्याकडे येतील, त्यांना दशमुळाचा काढा, नाकात थेंब, कानात तेल. दोन्हीकडचे आलेख शेवटी शेजारी शेजारी ठेवायचे. डॉक्टरांनी एकच अट घातली आणि सरांनी ती एका पायावर मान्य केली, स्वतःच्या अक्षरात फॉर्मच्या डोक्यावर लिहिली — दहाव्या दिवशी आलेख काढायचा, आणि कान सुधारत नसेल तर काढा थांबवून पेशंटला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवायचं. वाट बघायची नाही.

म्हणजे कुणी थांबायचं आणि कुणी जायचं, हे माझा कागद ठरवणार होता.

पहिल्या सात जणांचे कागद हलले नाहीत. सातही जणांना सरांनी स्वतः ऑटोत बसवून दिलं, ऑटोवाल्याला पत्ता समजावून सांगितला. सातव्याच्या वेळी ते परत आत आले आणि बराच वेळ हात धूत राहिले. आठवी वंदना.

वंदना हदगाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. वय तेव्हा बत्तीस. चौथ्या दिवशी आली, डावा कान पूर्ण बंद, आत सारखे रातकिडे ओरडताहेत म्हणाली. गोळ्या का नको, तर तिच्या सासूला दम्यासाठी वर्षानुवर्षं तसल्या गोळ्या चालू होत्या आणि म्हातारीचं तोंड सुजून शुगर वाढून हाडं ठिसूळ झालेली तिनं घरात बघितली होती. सरांनी तिला सगळं नीट सांगितलं, थोडे दिवस घेतल्यानं तसं होत नाही हेही सांगितलं. तरी ती काढ्यावरच ठाम राहिली. पण दहाव्या दिवसाची अट तिनं दोनदा वाचली आणि म्हणाली, हे बरंय, हे लिहिलंय म्हणून सही करते.

आता एक कामातली गोष्ट सांगावी लागेल. ती कळली नाही तर माझं पाप कळणार नाही. माणसाचा एक कान गेला आणि दुसरा शाबूत असला, की गेलेल्या कानात मोठा आवाज सोडल्यावर तो कवटीतून पलीकडे जातो आणि चांगला कान तो ऐकतो. पेशंट बोट वर करतो. तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच ऐकू आलेलं असतं — पण दुसऱ्या कानानं. म्हणून आम्ही चांगल्या कानात त्या वेळी वाऱ्यासारखा एक सूं आवाज सोडून ठेवतो, त्याला गुंतवून ठेवतो. मास्किंग म्हणतात. मशीनवर त्याचं एक बटण असतं. ते लावलं नाही, तर मेलेला कानसुद्धा कागदावर अर्धा जिवंत दिसतो. हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. पहिल्याच.

वंदनाचा पहिला आलेख मी बरोबर काढला होता. डाव्या कानाच्या निळ्या फुल्या कागदाच्या तळाशी.

दहाव्या दिवशी सकाळी लाइट दोनदा गेली. मशीन बंद पडून परत सुरू झालं की मास्किंग आपोआप बंद होतं, परत लावावं लागतं. मी विसरले. वंदना काचेच्या पलीकडे, कानावर हेडफोन लावून, परीक्षेला बसल्यासारखी ताठ बसली होती, आणि मी आवाज सोडत होते, आणि तिचं बोट वर जात होतं. फुल्या वर सरकत होत्या. इथपर्यंत ती चूक होती. चूक सांगायला मी नऊ वर्षं लावली नसती.

सर मागेच उभे होते. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, खिडकीपाशी नेला, चष्मा काढून पुसला, परत लावला. मग त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. मी त्यांना कधी तसं बघितलं नव्हतं. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बाहेर गेले. काकूंना फोन लावताना त्यांचा आवाज व्हरांड्यातून ऐकू येत होता.

वंदना हेडफोन काढून बाहेर आली, आणि उजव्या कानावर हात ठेवून सहज म्हणाली की, ते पीं-पीं मला ह्या बाजूनंच आल्यावानी वाटत होतं, मॅडम.

मी मशीनकडे बघितलं. मास्किंगचा दिवा बंद होता.

थांबते जरा.

त्या क्षणी काय करायचं होतं? काही अवघड होतं का? बाई, परत बसा, बटण राहिलं, एवढं म्हणायचं होतं. पाच मिनिटांचं काम. फुल्या पुन्हा तळाशी गेल्या असत्या, सरांचं तोंड उतरलं असतं, त्यांनी आठव्यांदा ऑटो थांबवला असता, आणि दुपारपर्यंत वंदना गोळ्या घेऊन मोकळी झाली असती. मी तसं म्हणणारच होते. हे खरं आहे — पण याचा तुम्हाला काही उपयोग नाही आणि वंदनाला तर त्याहून नाही. तेवढ्यात सर परत आले, शिपायाला पेढ्यांना पाठवलं म्हणाले, आणि वंदनाला म्हणाले, बेटा, पुढच्या दहा दिवसांचा काढा घेऊन जा.

मी तिच्या मागे गेले. औषधाच्या खिडकीपाशी ती पुड्या पिशवीत भरत होती. मी तिला सांगायलाच गेले होते, सर नव्हते, कुणी नव्हतं. मी तोंड उघडायच्या आत तिनंच विचारलं. माझा हात धरून विचारलं.

"मॅडम, खरं सांगा. मला तर काहीच फरक वाटून न्हाई राहिला. फोन ह्या कानाला लावला की मुका असतो. थांबू का जाऊ डॉक्टरकडं?"

आणि मी म्हणाले, "थांबा. मशीनला आधी कळतं, माणसाला मागून जाणवतं."

हे वाक्य मला कुठून सुचलं? कुठल्या पुस्तकात नाही, कुणी शिकवलं नाही. जागच्या जागी तयार केलं, आणि किती पटण्यासारखं केलं बघा. ती हसली. मशीन कशाला खोटं बोलंल, म्हणाली, आणि पिशवीची गाठ मारून गेली. मी परत आले. पेढा आला होता. मी खाल्ला.

विसाव्या दिवशी लाइट गेली नव्हती. मशीन व्यवस्थित होतं, बटण माझ्या बोटापासून चार इंचांवर होतं. तेव्हाही वेळ होती — इंजेक्शनची तरी नक्की होती. मी बटण दाबलं नाही. या वेळी विसरले असं म्हणायची सोय नाही. दहाव्या दिवसाचा कागद एकटा पडला असता, म्हणून त्याला विसाव्याचा जोडीदार दिला. फुल्या तिथेच आल्या, जिथे यायच्या होत्या.

महिन्याभरानं डॉक्टर स्वतः आमच्याकडे आले. दोन्हीकडचे कागद टेबलावर मांडले. वंदनाचा कागद त्यांनी उचलला, बघितला, परत बघितला आणि मान वर करून माझ्याकडे बघत विचारलं, मास्किंग केलं होतं ना? सरांना या शब्दाचा अर्थही नीट माहीत नव्हता. खोलीत तो दोघांनाच कळत होता. मी म्हणाले, हो सर. त्यांनी मान डोलावली आणि कागद खाली ठेवला. मी त्यांच्याच विद्येतली होते ना, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. सरांच्या काढ्यावर ठेवायला ते तयार नव्हते, माझ्यावर ठेवला.

कारणं सांगू? कंत्राटाची नोकरी, मुदत वाढवायला मार्चमध्ये सरांची सही लागणार होती. सरांचं मन मोडवत नव्हतं. मी नवी होते. वाटलं, काढ्यानं येईलही हळूहळू कान, कुणी सांगावं. आणि सगळ्यात जास्त वापरलेलं कारण — गोळ्या घेऊनही तिचा कान आला नसता कदाचित. बऱ्याच जणांचा येत नाही. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की तोंडपाठ झालंय. पण तो कदाचित वंदनाचा होता. तो तिच्याकडून काढून घ्यायचा अधिकार मला कुणी दिला होता?

आणि सरांचंही मी भलं केलं नाही. त्यांच्या काढ्यात काही होतं की नव्हतं, हे आता कुणालाच कळणार नाही. तो माणूस हरायला तयार होता. सात वेळा हरला होता, निमूटपणे ऑटो थांबवत होता. मी त्याला खोट्यानं जिंकवलं. ते पुढे एका परिषदेत वंदनाचा आलेख पडद्यावर लावून बोलले, आणि चार वर्षांनी गेले. शोकसभेत एका विद्यार्थ्यानं त्या आलेखाचा उल्लेख केला. मी तिसऱ्या रांगेत होते, काकूंच्या शेजारी. काकूंनी माझा हात दाबला.

तुम्हाला वाटलं असेल हेच ते. नाही, अजून आहे. कान गेला तो गेला, एका कानावर माणसं जगतात. मी त्यापुढचं केलं.

वंदनाचा धाकटा भाऊ मिलिंद लातूरला सरकारी कचेरीत कारकून आहे. मी लातूरला सेंटर काढल्यापासून ती दर मे महिन्यात त्याच्याकडे आली की माझ्याकडे कान तपासायला येते. दर वर्षी. पहिल्या वर्षी ती दारात दिसली तेव्हा मी कपाटाकडे वळले. तिनं तुरीची डाळ आणली होती घरची, आणि मला ताई म्हणायला लागली होती. तुमच्यामुळं माझा अर्धा तरी कान राहिला, म्हणाली. मी तिला केबिनमध्ये बसवलं, हेडफोन लावला, आणि... मास्किंग लावलं असतं तर फुल्या तळाशी गेल्या असत्या. मग तिनं विचारलं असतं, असं कसं? म्हणून नाही लावलं. त्या वर्षीही नाही, पुढच्याही नाही. आठ मे महिने. माझ्या कपाटात तिची फाईल आहे, तिच्यात दहाव्या दिवसापासूनचे सगळे आलेख एकासारखे एक आहेत.

आणि त्या कागदांनी काय केलं ते मला तिच्याच तोंडून थोडं थोडं कळत गेलं. वर्गात पाठमोरी फळ्यावर लिहिताना कोणतं पोर बोललं ते तिला पूर्वी नावानिशी कळायचं. आता आवाज कुठून आला तेच कळत नाही. पोरांनी ते ओळखलं आणि त्याचा खेळ केला. डाव्या बाजूनं मुख्याध्यापकांनी हाक मारली, हिनं मान वळवली नाही, तर मॅडमला शिंगं फुटलीत अशी बोलवा झाली. विहारात बायका बुद्धवंदनेला बसतात तेव्हा शेजारणीच्या सुरात सूर लागत नाही म्हणून ही मागच्या भिंतीला टेकून बसायला लागली. हे सगळं एक कान गेलेल्या कुणाचंही होतं. पण एक कान गेलेल्या माणसाला घरचे निदान सांभाळून घेतात. हिला कोण सांभाळून घेणार? हिचा कान गेलेला नव्हता ना! कागद होता. नवऱ्यानं तो कागद दाखवून तिला म्हणावं, अर्धा कान चालतो म्हणते मशीन, मग ध्यान कुठं असतं तुझं? तिनंही शेवटी तेच मानलं. मागच्या वर्षी मला सांगत होती की दोष कानाचा न्हाई ताई, माझंच लक्ष लागत न्हाई आजकाल, डोक्याच्या डॉक्टरला दाखवावं का? मी तिला म्हणाले, दगदग कमी करा, झोप नीट घ्या. तिनं मान हलवली.

आपण बहिरे आहोत हे माहीत असण्याचासुद्धा एक आधार असतो, आणि तोही मी तिला मिळू दिला नाही.

आता या वर्षीचं. पावसाळा संपता संपता एके दुपारी वंदना मिलिंदला घेऊन माझ्याकडे आली. चार दिवसांपूर्वी सकाळी उठला तर त्याचा उजवा कान बंद. तिला फोनवर कळलं तशी ती रजा टाकून हदगावहून नांदेड, नांदेडहून लातूर अशा बस बदलत आली होती. ऑफिसातल्या कुणीतरी त्याला कानाच्या डॉक्टरांकडे जा म्हणून सांगितलं होतं आणि हिनं त्याला अडवून धरलं होतं. हिच्या पिशवीत काढ्याच्या पुड्या होत्या. सर गेले, पण त्यांचा एक विद्यार्थी तो काढा अजून देतो, त्याच्याकडून घेऊन आली होती. तिला फक्त माझं हो पाहिजे होतं.

मी मिलिंदला आत बसवलं. मास्किंग लावलं. दोनदा खात्री केली. त्याच्या उजव्या कानाची लाल वर्तुळं तळाशी गेली, नऊ वर्षांपूर्वी त्याच्या बहिणीच्या फुल्या गेल्या होत्या तिथेच.

बाहेर येऊन मी म्हणाले, आजच्या आज डॉक्टरांकडे जायचं, गोळ्या सुरू करायच्या. माझा आवाज जरा चढला असावा, मिलिंद उठूनच उभा राहिला. वंदना गोंधळली. पण ताई, म्हणाली, माझा तर काढ्यानं...

सांगायची वेळ होती की नाही? याहून कोणती चांगली वेळ येणार होती? दोघं समोर होती, दार लोटलेलं होतं, फाईल हाताशी होती. मी म्हणाले, त्याचा प्रकार वेगळा आहे, तुमच्यासारखा नाही. तिनं पुड्या पिशवीत परत ठेवल्या. माझा शब्द तिनं कधी खाली पडू दिलेला नाही.

मिलिंदनं गोळ्या घेतल्या, तीन इंजेक्शनं घेतली. तिसऱ्या आठवड्यात त्याची वर्तुळं वर यायला लागली. महिन्यानं आलेख काढला तर जवळजवळ सगळी वर, चांगल्या कानाच्या बरोबरीला. मिलिंद लहान पोरासारखा कानाजवळ चुटक्या वाजवत बसला होता. वंदना मुद्दाम आली होती त्या दिवशी. तिनं मला फाईल मागितली. स्वतःचा आलेख काढला आणि भावाच्या आलेखाशेजारी माझ्या टेबलावर ठेवला.

नऊ वर्षांपूर्वी सर आणि डॉक्टर हेच करणार होते ना? दोन कागद शेजारी शेजारी. ते खरेपणानं कधी झालंच नाही. आता ती करत होती, शिक्षिकेच्या नजरेनं, एकेका खुणेवर बोट ठेवत. मी खुर्चीच्या पाठीला धरून उभी होते. तिला आत्ता कळेल, असं वाटलं. खरं सांगू? कळावं असंही वाटलं. म्हणजे मला बोलावं लागलं नसतं.

तिला काही कळलं नाही. तिनं दोन्ही कागद सारखे करून माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "बरं झालं ताई, तुम्ही हटकलं. मी तर त्याला काढ्यावरच बसवणार होते. त्याचा कान गेला असता ना, तर मी सोताला जन्मात माफ केलं नसतं."

मी म्हणाले, असं मनाला लावून घ्यायचं नाही.

ती गेली. जाताना जिन्यात मिलिंद तिच्या डाव्या बाजूनं काहीतरी बोलला आणि ती तशीच पुढे उतरत राहिली. त्यानं ते पुन्हा सांगितलं नाही.

यालाही काही महिने झाले. तिचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे, हदगावची शाळा मला माहीत आहे, पहाटेच्या बसनं गेलं तर रात्रीपर्यंत घरी परत येता येतं. मी गेलेले नाही. हे सगळं जिला सांगायचं होतं तिला सोडून मी तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही मला ओळखत नाही. मे महिन्यात ती येईल.